बरी झालेली माती

नाकमुरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण वस्तीत ते इतकं रुळलं होतं, की पाण्याची मोटार दुरुस्त करायला आलेल्या एका नव्या माणसाने त्यांना मोठ्या आदराने "नाकमुरडे साहेब" अशी हाक मारली आणि त्यांनी बिनतक्रार ओ दिली. खरं आडनाव समजावून सांगायचं म्हणजे त्या माणसाच्या आणखी जवळ जावं लागलं असतं, आणि त्याच्या शर्टाला घामाचा वास येत होता.

जगातल्या निम्म्या गोष्टींची त्यांना किळस होती आणि उरलेल्या निम्म्यांचा संशय. चहावर साय धरली, शी. कोणी बोटाला थुंकी लावून कागद उलटला, शी. ओला टॉवेल, साबणाला चिकटलेला केस, दुसऱ्याच्या डोक्याच्या तेलाने चकाकणारी खुर्चीची पाठ, बसमधला दांडा, सगळ्याला शी. पावाच्या कोपऱ्यावर बुरशीचा हिरवट ठिपका दिसला तर ते अख्खा पाव, त्याची पिशवी आणि तो ज्या डब्यात होता त्याचं झाकणसुद्धा बाहेर नेऊन टाकत. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, एक दिवस तुम्ही स्वतःलाच नेऊन टाकाल."

अशा माणसाच्या नशिबी काम काय यावं? घाण कालवण्याचं. आणि वर बुरशी पाळण्याचं.

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक मोठं आवार होतं. पूर्वी तिथे भट्टी होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या, त्या कुऱ्हाडीने फोडायच्या, आतलं ॲसिड तिथेच जमिनीवर ओतायचं आणि शिशाच्या पट्ट्या वितळवून विटा पाडायच्या. नाकमुरड्यांचे थोरले भाऊ त्या भट्टीवर कामाला होते. दोघे एकाच आईची लेकरं, पण थोरल्याला कशाची म्हणून किळस नव्हती. फुटक्या बॅटऱ्यांच्या ढिगावर बसून तो डबा खायचा. हात पँटच्या मागे पुसले की त्याच्या लेखी ते स्वच्छ झाले. धाकटा ओरडला की हसून त्याच हाताने त्याचा गालगुच्चा घ्यायचा. "थोडी माती पोटात गेली की माणूस टणक होतो रे," म्हणायचा, आणि घरी आला की तसाच लेकीला उचलून तिचे मुके घ्यायचा.

टणक वगैरे काही झाला नाही तो. आधी पोटात कळा यायला लागल्या. मग गोष्टी विसरायला लागला. मग एकदा जेवताना त्याचा हात मनगटातून खाली लोंबला, तो पुन्हा वर होईना. वहिनी घास भरवायच्या. नाकमुरडे तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे, कारण भावाच्या हनुवटीवरून ओघळणारं अन्न त्यांना बघवत नसे, आणि आपल्याला ते बघवत नाही याची त्यांना त्याहून जास्त किळस यायची. थोरला गेला. पुढे भट्टीही बंद पडली. मालकाने यंत्रं उचलली, पत्रे उचलले, तुळयासुद्धा उचलल्या. माती तेवढी मागे ठेवली.

त्या मातीत काही उगवत नसे. जे तण गटाराच्या फटीतही डोकं वर काढतं, तेही तिथे पाय ठेवायला तयार नव्हतं. सगळं आवार तपकिरी, टक्कल पडलेलं, मध्ये मध्ये भट्टीच्या मळीचे, म्हणजे शिसं वितळवून उरलेल्या गाळाचे, चकाकते खडे. पाणी साचलं की वर निळसर तवंग यायचा आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव हवेतूनच यायची. वारा सुटला की धूळ उठून घराच्या खिडकीवर बसायची. नाकमुरडे रोज ओल्या फडक्याने ती पुसायचे, मग फडकं धुवायचे, मग हात धुवायचे, मग ज्या नळाला हात लागला तो नळ धुवायचे. वहिनींनी तर मागची खिडकी नवरा गेल्यापासून उघडलीच नव्हती.

मग कुठल्याशा संशोधन संस्थेतून मातीवाल्या बाई आल्या. उंच, रापलेल्या, पायात गमबूट, बोलणं मोजकं. या मातीत झाडं लावून दाखवायची होती त्यांना, आणि हाताखाली माणसं हवी होती. वस्तीतला एक जण तयार होईना. नाकमुरडे तयार झाले तेव्हा लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

"तुम्ही? तिथे?" वहिनींनी विचारलं.

"ती घाण रोज आपल्या घरी येते," नाकमुरडे म्हणाले. "एकदा तिच्या घरी जाऊन बघतो."

काम किती गलिच्छ होतं, ते सांगताना आपल्याच अंगावर शहारे येतात. कोंबड्यांची कुजवलेली विष्ठा, भाजीबाजारातल्या सडक्या पाल्याचं खत, कत्तलखान्याकडून आलेला हाडांचा चुरा, चुना आणि कोळशाचा भुगा, हे सगळं मोजून त्या विषारी मातीत कालवायचं. हाडांच्या चुऱ्याचं पोतं उघडलं की वास नाकात न जाता थेट घशात उतरायचा. नाकमुरडे एकावर एक दोन मास्क लावायचे, कोपरापर्यंत हातमोजे चढवायचे, आणि तरीही फावडं मारता मारता मळमळून कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. पण काम सोडून घरी गेले नाहीत. आणि जे करायचे ते चोख. कोळसा तर ते स्वतः चाळायचे, दाणा न् दाणा मोहरीएवढा होईपर्यंत.

बाई समजावून सांगायच्या. चुन्याने मातीचा आंबटपणा मरतो. हाडांचा चुरा शिशाला धरून ठेवतो, मग ते पाण्यात सुटं होऊन मुळांत शिरत नाही. कोळसाही आपल्या परीने त्याला अडकवून ठेवतो. आणि एवढं झालं की बुरशी सोडायची.

"बुरशी?" नाकमुरडे म्हणाले. "पावावर येते ती?"

"तिची लांबची बहीण. ही मुळांच्या आत बिऱ्हाड करते. बाहेर धागे पसरते, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. झाडाला लांबून पाणी आणून देते, खाऊ आणून देते, आणि बरंचसं विष स्वतःच्या अंगावर अडवते. बदल्यात झाड तिला थोडी साखर देतं."

"शी," नाकमुरडे म्हणाले. पण त्या दिवसापासून ती बुरशी सांभाळायचं काम त्यांच्याकडेच आलं, कारण बाहेरून आणलेले बाकीचे दोन मजूर कुंड्यांत विड्या विझवायचे. वाळूच्या कुंड्यांत गवत वाढवायचं, त्याच्या मुळांत बुरशी पोसायची आणि मग ती मुळं बारीक चिरून आवारातल्या मातीत मिसळायची. दह्याला विरजण लावतात तसंच. नाकमुरड्यांनी त्या कुंड्यांना इतकं जपलं, की वहिनी म्हणाल्या, घरातल्या माणसांना एवढी माया मिळाली असती तर सोनं झालं असतं.

पहिल्या खेपेला सगळं मुसळ केरात गेलं. त्याला कारण नाकमुरडेच. त्यांना वाटलं, हाडांच्या चुऱ्याने विष बांधलं जातं ना, मग दुप्पट घालू या. घातला. गवत तरारून वर आलं आणि मग बघता बघता पिवळं पडून माना टाकून बसलं. बाईंनी मुळं उपटून भिंगाखाली पाहिली. बुरशीचा पत्ताच नव्हता.

"हाडांचा चुरा झाडाचा खाऊही असतो, आणि आयता खाऊ मिळाला की झाड बुरशीला दारातसुद्धा उभं करत नाही, काका," बाई म्हणाल्या. "जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ झालं, असं नसतं."

नाकमुरड्यांनी मान खाली घातली आणि सगळं आवार पुन्हा पहिल्यापासून कालवलं. दुसऱ्या खेपेला गवत टिकलं. मग झुडपं टिकली. गवताने बाळसं धरलं, वाऱ्यावर डुलायला लागलं, आणि खिडकीवर बसणारी धूळ कमी झाली. नाकमुरड्यांनी फडकं फिरवून पाहिलं तर ते पांढरंच राहिलं. पठ्ठ्याने ते फडकं दिवसभर खिशात ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना मागच्या खोलीत बोलावलं आणि गंजलेली खिटी ठोकून ती खिडकी उघडली.

वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या. जिथे बसून त्यांचा नवरा डबा खायचा, तिथे कमरेएवढं गवत होतं आणि त्यात एक पाखरू नाचत होतं. वहिनींच्या डोळ्यांना धार लागली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "बरी झाली का हो ही?"

आता इथे काय उत्तर द्यायचं ते नाकमुरड्यांना पाठ होतं. बाई रोज कामाला सुरुवात करताना सगळ्यांना तेच बजावायच्या: विष गेलेलं नाही. आहे तिथेच आहे. आपण फक्त त्याला बांधून वर पांघरूण घातलंय. पण वहिनींना रडताना त्यांनी भावाच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं.

"झाली, वहिनी," ते म्हणाले. "बरी झाली."

पुढे आवारात सोहळा झाला. वॉर्डाचे अध्यक्ष आले, गवतात उभे राहून चिमूटभर माती हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि लगेच बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. हात पुसलेले कागद तिथेच गवतात टाकले. असल्या माणसांची आम्हाला नाकमुरड्यांपेक्षा जास्त किळस आहे, पण तो विषय वेगळा. मग अध्यक्षांनी एका पाटीवरचा पडदा काढला: 'ही जमीन पूर्ववत सुपीक करण्यात आली आहे.' बाई बोलायला उभ्या राहिल्या. गवत उगवलं याचा अर्थ माती स्वच्छ झाली असा नाही, इथलं काहीही खायचं नाही, असं त्या सांगत होत्या. पण तोवर चहा आला होता आणि कोणीतरी माईक बंद केला होता. वहिनी तिकडे मागे कप भरत होत्या. नाकमुरड्यांना बाईंचं बोलणं ऐकू आलं. त्यांनी ती पाटीही वाचली, आणि खोटं कशाला सांगा, त्यांची छाती फुगली.

त्याच सुमाराला पुतणीला दिवस गेले. तिचा नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातला बराचसा वेळ रस्त्यावर, म्हणून ती आईजवळच राहायला आली. झालं. नाकमुरड्यांनी घरात युद्ध पुकारलं. बाळ येणार त्या घरात आवारातल्या मातीचा एक कणही येता कामा नये. कामाचे बूट फाटकाबाहेर. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची, झाडलं की धूळ उडते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते दारातच अडवायचे.

"हात दाखवा."

"अहो, धुतलेत."

"वास घेऊ द्या."

पोस्टमनने तर घरापर्यंत यायचंच सोडून दिलं. पुतणी हसायची. "काका, बाळाला तरी मिठी मारू द्याल ना मला, की त्यालाही आधी वास घेऊन बघाल?" पण मनातून तिला बरं वाटायचं. बापाचे राकट, काळे हात तिला आठवत होते, आणि आपल्या बाळाला हात लावायच्या आधी कोणीतरी हात धुणार आहे, हे काही थोडं नव्हतं.

एकच जागा नाकमुरड्यांच्या राज्याबाहेर होती. स्वयंपाकघर. तिथे त्यांना मज्जाव होता, आणि तोही फार पूर्वीपासून. एकदा ते आत येऊन फोडणीच्या धुराला, मग चाळणीला, मग वहिनींच्या कपाळावरच्या घामाला शी म्हणाले होते, तेव्हा वहिनींनी उलथनं रोखून बजावलं होतं, "भाऊजी, तुमचं नाक उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि मग पोट घेऊन आत यायचं. दोन्ही एकदम चालणार नाही." तेव्हापासून त्यांच्या पाण्याचा तांब्या बाहेरच्या खोलीत असायचा आणि ताट बाहेरच यायचं.

ताट मात्र काय यायचं! त्या दिवसांत वहिनींच्या हाताला काही वेगळीच चव आली होती. वरणावर, भातावर, भाजीवर, सगळीकडे हिरवीगार कोथिंबीर भुरभुरलेली. पुतणीला तर डोहाळेच कोथिंबिरीचे. ती येता जाता मूठभर तोडून कच्चीच खायची. जन्मात कधी कोणाच्या स्वयंपाकाचं कौतुक न केलेले नाकमुरडे एकदा बोट चाटता चाटता थबकले, इकडे तिकडे बघून त्यांनी उरलेलं बोटही चाटून टाकलं आणि म्हणाले, "वहिनी, जेवण झकास." वहिनी आतून नुसत्या हसल्या.

एके दुपारी मायलेकी दवाखान्यात तपासणीला गेल्या होत्या. नाकमुरड्यांचा तांब्या रिकामा होता. ते पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याजवळच्या खिडकीत काचेच्या ग्लासात कोथिंबिरीची जुडी मुळांसकट उभी करून ठेवली होती, ताजी राहावी म्हणून. पाणी बदललेलं नाही, असं म्हणून ते सवयीने नाक मुरडायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

ग्लासच्या तळाशी गाळ बसला होता. काळे, मोहरीएवढे, एकसारखे दाणे. त्यात पांढुरके कण. आणि मुळाला अडकलेला मळीचा एक इवलासा चकाकता खडा. हे काळे दाणे चाळताना त्यांचे हात सोलवटले होते. कोळसा, हाडाचा चुरा आणि भट्टीची मळी एकत्र असलेली माती साऱ्या वस्तीत एकाच ठिकाणी होती.

ते मागच्या दाराने बाहेर पडले. भिंतीच्या टोकाला कुंपणाची तार वाकवून माणूस जाईल एवढी वाट केलेली होती. झुडपांच्या आडोशाला एक वाफा होता, फुटक्या फरशीचे तुकडे लावून नीट आखलेला, तण काढलेला, पाणी दिलेला. इतकी देखणी कोथिंबीर त्यांनी कधी पाहिली नव्हती. काळपट हिरवी, जाड देठाची, रसरशीत. त्यांच्या चुन्यावर, त्यांच्या खतावर, त्यांच्या बुरशीच्या जिवावर पोसलेली. नाकमुरडे गुडघ्यांवर बसले आणि सकाळपासूनचं सगळं त्यांच्या पोटातून बाहेर आलं. त्यातही हिरवी पानं होती.

मायलेकी परत आल्या तेव्हा ते तो ग्लास समोर ठेवून बाहेरच्या खोलीत बसले होते.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

वहिनी आधी चपापल्या, मग लाजल्यासारखं हसल्या. "पकडलीत का चोरी? तुमच्याच मातीतली आहे. बाळ आलं की सांगणार होते. आत्ता सांगितलं असतं तर तुम्ही शी म्हणून ताट ढकललं असतं. अहो, चांगली चार पाण्यांनी धुते मी."

"वहिनी, पानातलं विष बाहेरून धुऊन जात नाही. ते मुळांतून आत आलेलं असतं. ते शिसं आहे. दादाला ज्याने मारलं तेच. तिथेच आहे सगळं, कुठेही गेलेलं नाही."

"पण माती बरी झाली ना?"

नाकमुरड्यांनी ग्लास थोडा पुढे सरकवला.

"तुम्ही म्हणाला होतात. मागच्या खोलीत, खिडकीत."

"म्हणालो होतो. खोटं बोललो. आम्ही फक्त विषाला जखडलंय, गवत जगेल एवढं. माणसाने खायला नाही. तुम्ही रडत होतात, वहिनी. मला दुसरं काही सुचलं नाही."

वहिनींनी ग्लास उचलला आणि तळाचा गाळ पाहिला. मग बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच नाकमुरड्यांना जास्त लागलं.

"भाऊजी, उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही शी म्हणता. सायीला शी, टॉवेलला शी, माझ्या घामाला शी. मी ऐकणंच सोडून दिलं हो. कामाचे बूट बाहेर ठेवायला लावता ते विषापायी की स्वभावापायी, मला काय कळणार? आणि साऱ्या जन्मात एकाच गोष्टीला तुम्ही शी म्हणाला नाहीत. ती ही माती. मग मी तिच्यावर नाही तर कशावर विश्वास ठेवायचा होता?"

पुतणीने पोटावर हात ठेवला. "काका," ती म्हणाली, "मी तर मुठीमुठीने खाल्लीये."

तिचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टर बाईंनी शेवटी सांगितलं ते असं: शिसं आहे, असायला हवं त्याहून जास्त आहे, पण फार भयंकर नाही. त्यातलं किती कोथिंबिरीतलं आणि किती लहानपणी बापाच्या हातून आलेलं, ते रक्तावरून कळत नाही. ते हाडांत साठून राहतं आणि पोटात बाळ वाढायला लागलं की पुन्हा सुटतं. आता कोथिंबीर बंद, दूध आणि औषध सुरू. आणि बाळाचं? बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही. जन्मल्यावर बघू, पुढेही बघत राहावं लागेल.

नाकमुरड्यांनी मातीवाल्या बाईंना सगळं सांगितलं. ओरडतील, असं वाटलं होतं. बाईंनी वाफ्यातली माती आणि पानं पिशव्यांत भरून घेतली, चिठ्ठ्या लावल्या आणि मग म्हणाल्या, "माझा माईक त्यांनी बंद केला, काका. तुमचा कोणी बंद केला होता?" नाकमुरड्यांना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घरी वेगळीच पंचाईत झाली. त्यांना घास गिळेना. साधा भात, वर काही नाही, तरी तोंडाजवळ नेला की हात परत ताटात यायचा. किळस वहिनींच्या हाताची नव्हती, स्वतःच्या तोंडाची होती. वर्षानुवर्षं जगाला नाक मुरडणारं हे तोंड बोटं चाटत होतं, आणि ज्याच्या त्याच्या हाताचा वास घेणाऱ्या नाकाला समोरच्या ताटातलं काही कळलं नव्हतं. पण वहिनींना हे कसं कळावं? त्या ताट ठेवायच्या आणि त्यांना ओकारी दाबताना बघून मान फिरवून आत निघून जायच्या. इतकी वर्षं त्यांनी या दिराला वाढलं होतं, त्याच्या शंभर तऱ्हा हसण्यावारी नेल्या होत्या, आणि आता हे.

मग एका सकाळी नाकमुरडे हातमोजे चढवून वाफा उपटायला गेले, तर तिथे वहिनी आधीच होत्या. तोंडाला फडकं, हातात नाकमुरड्यांचेच जुने मोजे. मुळांसकट उपटून पोत्यात भरत होत्या, आणि प्रत्येक मूठ उपटताना त्यांच्या तोंडून निघत होतं, "शी. शी. शी."

"गायीगुरांच्या तोंडी लागायला नको," त्या वर न बघता म्हणाल्या. "हे कुठे टाकायचं?"

"बाईंकडे द्यायचं. त्या बघतात."

नाकमुरडेही बसले. दोघांनी वाफा साफ केला, फरशीचे तुकडे काढले, तार जागेवर ठोकली. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर वहिनींची नजर त्या पाटीवर गेली. 'पूर्ववत सुपीक.' त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"ही कोणी लिहिली?"

"अध्यक्षांनी."

"तुम्हाला माहीत होतं हे खोटं आहे?"

"हो."

"मग रंग आणा."

रंग आणला. वहिनी सांगत गेल्या आणि नाकमुरडे त्याच पाटीवर लिहीत गेले. 'इथलं काहीही तोडू नका, खाऊ नका. माती बरी झालेली नाही.' अक्षरं वेडीवाकडी आली, पण रस्त्यावरून वाचता येत होती. अध्यक्षांनी माणूस पाठवला, हे काय चालवलंय म्हणून. वहिनींनी त्याला अंगणातच उभा केला, मुलीच्या रक्ताचा अहवाल त्याच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, तुझ्या साहेबांना जेवायला बोलावू का, कोथिंबीर शिल्लक आहे. माणूस परत गेला. पाटी राहिली.

मागची खिडकी आता सताड उघडी असायची. कुंपणापाशी कोणी रेंगाळलं की आतून वहिनींचा आवाज यायचा, "ए, हात लावू नकोस तिथे!" वस्तीत म्हणायला लागले, नाकमुरड्यांना जोडीदार मिळाला. त्या दिवसांत केव्हातरी नाकमुरडे पुन्हा जेवायला लागले. घास गिळताना डोळे मिटायचे, पण गिळायचे. एकदा वहिनींनी ताट ठेवलं आणि आत न जाता तिथेच बसल्या, ताट रिकामं होईपर्यंत.

बाळ आलं. मुलगी. वजन जरा कमी, आवाज मात्र खणखणीत. नाळेतलं रक्त तपासलं, त्यातही शिसं निघालं. थोडं, पण निघालंच. डॉक्टर बाई म्हणाल्या, हातपाय छान हलवते आहे, दूध छान पिते आहे, बाकीचं ती वाढेल तसं कळेल. म्हणजे घाबरायचं की नाही ते त्यांनीही सांगितलं नाही.

बाळ घरी आलं त्या दिवशी नाकमुरडे कामावरून लवकर परतले. बूट फाटकाबाहेर काढले, कपडे बादलीत टाकले, आंघोळ केली, कोपरापर्यंत हात घासले, नळ धुतला आणि पुन्हा हात धुतले. मग खोलीच्या दाराशी आले. आत पुतणी बाळाला घेऊन बसली होती. दारात वहिनी उभ्या होत्या, आणि त्या बाजूला झाल्या नाहीत.

"हात," वहिनी म्हणाल्या.

"धुतलेत की, वहिनी."

"दाखवा."

नाकमुरड्यांनी हात पुढे केले. वहिनींनी ते उलटेसुलटे करून पाहिले, जवळ घेऊन वास घेतला, मग उजेडात धरून एकेक नख तपासलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला कोळशाचा काळा कण अडकलेला होता.

"शी," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा धुवा."

आत बाळ रडायला लागलं. नाकमुरडे मोरीकडे वळले आणि नखांचा ब्रश शोधायला लागले.